आपलं नाव आपण ठेवावं



या अंकाची जुळवाजुळव करताना एका शब्दावर आमची बैठक अडली. एका लेखाखाली लेखिकेची ओळख 'दलित कार्यकर्ती' अशी दिली होती. इंदोऱ्याहून येणारी आमची जुनी सहकारी म्हणाली, "१९५६ साली माझी आई दीक्षा घ्यायला गेली. त्या दिवशी आम्ही बौद्ध झालो. आता दलित कशाला म्हणता?" शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "ताई, मी बौद्धच आहे. पण दलित म्हटलं की मी भांडायला उभी आहे, हे समोरच्याला कळतं."

मला दोघींचंही पटलं.

'दल्' म्हणजे फोडणं, चुरडणं. आपलं 'दळणं' त्यातूनच आलं. दलित म्हणजे भरडलेला, आणि तसं म्हटलं की भरडणारा कोण, हा प्रश्न येतोच. 'अस्पृश्य' म्हणताना तो येत नव्हता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि हा शब्द बंडाचा झाला. पँथरच्या १९७३च्या जाहीरनाम्याने भूमिहीन, कामगार यांच्याबरोबर स्त्रियांनाही दलित म्हटलं. व्याख्येत बाया आल्या; व्यासपीठावर फारशा दिसल्या नाहीत.

त्याआधी तीस वर्षं, २० जुलै १९४२ रोजी, आपल्या नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेबांसमोर, हजारो बायांच्या साक्षीने घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार बायांना रजा असे ठराव झाले. भरडणारा घरातही असतो, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं.

जून २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, माध्यमांनी 'दलित' शब्द टाळावा अशी सूचना देण्याचा विचार करा, असं केंद्राला सांगितलं. ऑगस्टमध्ये खासगी वाहिन्यांना तसं पत्रक गेलं: 'अनुसूचित जाती' म्हणा. सवलतीच्या अर्जावर हा शब्द हवाच. पण अनुसूचित म्हणजे यादीत नोंदलेला. यादीत भरडणारा दिसत नाही.

म्हणून आपल्यापुरतं ठरवलं आहे: जी स्वतःला जे म्हणवते, तेच छापायचं. कोणावर शब्द लादायचा नाही, कोणाचा काढून घ्यायचा नाही. त्या लेखिकेलाही फोन करून विचारलं. ती म्हणाली, "दलित स्त्रीवादी लिहा." तसंच लिहिलं आहे.

तुम्ही स्वतःला काय म्हणवता, आणि का, ते जरूर कळवा.