आंबेडकरांच्या भाषणाचा गाळलेला उत्तरार्ध

१/ ‘महालेखापरीक्षक हा संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी’, या आशयाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विधान समारंभांतून हमखास ऐकू येते. ते ३० मे १९४९ रोजी संविधानसभेत केले गेले. त्याच भाषणाचा उत्तरार्ध मात्र सोयीस्करपणे गाळला जातो.

२/ उत्तरार्ध ही तक्रार आहे. या अधिकाऱ्याचे कर्तव्य न्यायसंस्थेहूनही मोठे, तेव्हा त्याला निदान तेवढे स्वातंत्र्य हवे होते. ते आपण दिलेले नाही, असे मसुदा समितीच्या अध्यक्षांनीच सांगितले. सर्वोच्च न्यायालय आपला सेवकवर्ग स्वतः नेमते, महालेखापरीक्षकाला ती मुभा नाही, हे त्यांनी नेमके दाखवून दिले.

३/ पदनामातला ‘नियंत्रक’ शब्दही फसवा. ब्रिटनमध्ये १८६६च्या कायद्यान्वये खजिन्यातून रक्कम सुटण्यापूर्वी या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. भारतात पैसा कोषागारातून आधी जातो, तपासणी मागाहून येते. रिकाम्या तिजोरीचा पंचनामा म्हणा हवे तर!

४/ अनुच्छेद १४८नुसार त्याला राष्ट्रपती नेमतात, म्हणजे व्यवहारात सरकारच. निवड समिती नाही. पदच्युती न्यायाधीशाइतकीच अवघड, निवृत्तीनंतर सरकारी पद वर्ज्य, ही कवचे खरी. पण ती नेमणुकीनंतरची. ज्याचा जमाखर्च तपासायचा, तपासनीस निवडणाराही तोच.

५/ महाराष्ट्राला तरी हा दोष उमगायला हवा. पेशवाईत मामलेदाराच्या कचेरीतले फडणीस, मुजुमदार आदी दरकदार हुजुरातून नेमले जात. त्यांना काढण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. ही पदे वंशपरंपरागत झाली, गैरव्यवहारही झाले. त्या काळाला सुवर्णयुग ठरवण्याचे कारण नाही. पण दुसऱ्या बाजीरावाने महाल मक्त्याने देण्याचा सपाटा लावला, तेव्हा ठरलेली रक्कम पोचली की पुढचा हिशेब विचारण्याचे कारणच उरले नाही, आणि रयत नागवली गेली.

६/ आजची पळवाट अधिक सभ्य आहे. अनुच्छेद १५१ अहवाल सभागृहापुढे ठेवण्यास सांगतो, किती दिवसांत ते सांगत नाही. म्हणून राज्याराज्यांत तो अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो. सदस्य तेव्हा परतीच्या तयारीत असतात. चर्चा पुढच्या अधिवेशनावर जाते, आणि तोवर तो पैसा खर्च होऊन वर्षे लोटलेली असतात.