तंत्रशाळेंतून विद्यापीठाकडे

दहावीचा निकाल लागला कीं सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील घरोघरीं एकच प्रश्न निघतो: मुलानें अकरावीस जावें, कीं तंत्रनिकेतनांत नांव घालावें? पदविका हातीं आली म्हणजे मुलगा लवकर चार पैसे मिळवूं लागेल, असा पालकांचा हिशेब असतो, आणि तो वावगा नाहीं. परंतु त्याच प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. तो मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. या मुलास किंवा मुलीस उद्यां विद्यापीठाची पदवी घ्यावीशी वाटली, तर तंत्रशाळेंत घालविलेलीं वर्षें तेथें जमेस धरलीं जातील काय? या दुसऱ्या प्रश्नाविषयीं आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें चार शब्द मांडीत आहों.

जें नीट चाललें आहे तें प्रथम सांगितलें पाहिजे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका पुरी करणाऱ्या विद्यार्थ्यास अभियांत्रिकीच्या पदवीसाठीं एकदम दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो. वयाचा हिशेब मांडून पाहावा. सोळाव्या वर्षीं दहावी, एकोणिसाव्या वर्षीं पदविका, बाविसाव्या वर्षीं पदवी. बारावीच्या वाटेनें गेलेला त्याचा सोबतीही बाविसाव्या वर्षींच अभियंता होतो. म्हणजे पदविकेच्या वाटेनें जाणाऱ्याचें एकही वर्ष बुडालें नाहीं, आणि मध्येंच घरची अडचण आली तर पोटापुरतें साधन त्याच्या हातीं राहिलें. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत, म्हणजे आपण ज्यास आयटीआय म्हणतों तेथें, दोन वर्षें शिकलेल्यासही पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत शिरण्याची सोय आहे. ही शिडी चांगली आहे, व तिच्यावरून आमच्या भागांतील पुष्कळ शेतकरी घरांतील मुलें वर गेलीं आहेत.

अडचण येते ती शिडीवरून बाजूस पाऊल टाकावयाचें म्हटलें म्हणजे. समजा, यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या मुलास पदार्थविज्ञानाची गोडी लागली, अथवा विद्युत् शाखेंतील एखाद्या मुलीस अर्थशास्त्र शिकावेंसें वाटलें. तेथें तीन वर्षांच्या पदविकेस बहुधा बारावीच्या बरोबरीची समजून कला अगर वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षांत बसवितात. विज्ञान शाखेस तर बारावीचे विज्ञान विषय नाहींत या कारणानें कित्येकदां तेवढेंही मिळत नाहीं. संगणकासारख्या एखाद्या विषयांत कांहीं विद्यापीठें दुसऱ्या वर्षांत प्रवेश देतात, पण ती सवलत त्या विषयापुरती असते. जो मुलगा अभियांत्रिकीकडे गेला असतां त्याचें वर्ष वाचलें असतें, त्याच मुलाचें, त्याच गुणपत्रिकेवर, विद्यापीठाच्या दुसऱ्या दारीं वर्ष बुडतें. विद्या तीच, आणि मोल मात्र दारागणिक निराळें! हा व्यवहार आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

सांगलीच्या विश्रामबागेंत हें चित्र डोळ्यांनीं पाहतां येतें. १९१९ सालीं स्थापन झालेलें विलिंग्डन महाविद्यालय तेथें आहे, आणि १९४७ सालीं सुरू झालेलें व १९५५ पासून वालचंदांच्या नांवानें ओळखलें जाणारें अभियांत्रिकी महाविद्यालयही तेथेंच आहे. मिरजेचें शासकीय तंत्रनिकेतन त्याच रस्त्यानें थोडें पुढें गेलें कीं लागतें. सकाळीं या सर्वांचे विद्यार्थी एकाच बसमधून उतरतात. पण एका फाटकांत शिकलेलें गणित दुसऱ्या फाटकांत ओळख दाखवीत नाहीं.

याला विद्यापीठांचें उत्तर नाहीं असें नव्हे. पदवी म्हणजे विद्यापीठाची मोहोर. जें आपण शिकविलें नाहीं व तपासलें नाहीं त्यावर मोहोर कशी उठवावी, असें प्राध्यापक मंडळी म्हणतात. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. मोहोर स्वस्त झाली तर तिचा उपयोग गरिबाच्या मुलासच सर्वांत कमी होईल, कारण श्रीमंताच्या मुलास ओळखीपाळखींचा आधार असतो, गरिबाजवळ ती मोहोर तेवढी असते. परंतु तपासणें निराळें आणि दारच न उघडणें निराळें.

आमच्या या मुलखानें तर शाळेबाहेरच्या विद्येचें मोल कधींच पाहिलें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यास मुंबईस गेले, तेथील व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले, आणि अभियांत्रिकीची पदवी नसतां १९१० सालीं त्या वेळच्या औंध संस्थानांत त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या नांगरांच्या विक्रीचें काम कांहीं काळ कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं केलें होतें. ज्यांच्या पदरीं मॅट्रिकची परीक्षाही नव्हती अशा या पुरुषानें १९१९ सालीं कराडजवळच्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुणें विद्यापीठानें त्यांस सन्मानाची डी. लिट्. दिली ती १९५९ सालीं, म्हणजे ते ज्या वर्षीं निवर्तले त्याच वर्षीं. थोरांच्या बाबतींत विद्यापीठें शेवटीं कां होईना उदार होतात. एकोणीस वर्षांच्या पोरासाठीं असा उदारपणा नको. त्याच्या कामाचा चोख हिशेब झाला तरी पुरे.

तो हिशेब करण्याची रीतही आतां उपलब्ध झाली आहे. ज्यास श्रेयांक अथवा क्रेडिट म्हणतात, तें अभ्यासाचें एक माप आहे. २०२३ सालच्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणें तीस तासांच्या अभ्यासास एक श्रेयांक, व बाराशें तासांच्या वर्षास चाळीस श्रेयांक असें तें माप ठरलें आहे. आणि विशेष हें कीं, शाळा, उच्च शिक्षण व व्यवसायशिक्षण या तिहींस तें एकच लागू करावें असा त्या आराखड्याचा हेतु आहे. त्यापूर्वीं, २०२१ सालीं, विद्यापीठ अनुदान आयोगानें श्रेयांकांची पेढी काढण्याचे नियम केले. पतपेढींत पैसा ठेवावा तसे विद्यार्थ्याचे श्रेयांक तेथें त्याच्या नांवें जमा राहतात. त्या नियमांप्रमाणें ते अधिकांत अधिक सात वर्षें चालतात, आणि पदवी देणाऱ्या संस्थेंत निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावे लागतात. या शेवटच्या अटीनें मोहोरेविषयींची भीति पुष्कळ अंशीं दूर व्हावयास हरकत नव्हती. तरी पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: पेढींत जमा असलेला श्रेयांक प्रत्येक विद्यापीठ आपोआप वटवितेंच असें नाहीं. कोणता विषय मान्य करावयाचा व कोणता नाहीं, हें अखेर विद्यापीठाच्याच हातीं असतें.

येथें आमच्या तरुण वाचकांस थोडी कडू वाटेल अशीही एक गोष्ट सांगावी लागते. वर्ष वाचलें म्हणजे अभ्यास वाचला असें नाहीं. पदविकेकडून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत गेलेलीं मुलें कार्यशाळेंत व आलेखनांत पुढें असतात, परंतु गणिताच्या तासास त्यांतील पुष्कळांची तारांबळ उडते. पहिल्या वर्षाचें गणित त्यांनीं पाहिलेलेंच नसतें, आणि दुसऱ्या वर्षाचें गणित त्यावरच उभें असतें. सवलत कागदावर मिळाली व तयारी कोणींच करून घेतली नाहीं, तर ती सवलत ओझें होते. म्हणून तंत्रशाळेचे सगळे तास सरसकट पदवींत धरावे अशी मागणी आम्ही करणार नाहीं. कानशीनें लोखंड घांसण्यांत गेलेले तास मोलाचे खरे. पण ते अर्थशास्त्राच्या खात्यावर घालणें म्हणजे हिशेब बिघडविणें होय. उलट, पदविकेच्या पहिल्या वर्षांत मुलगा पदार्थविज्ञान व रसायन शिकला, पुढें कलन व संकलन शिकला, तर ते विषय त्यानें तंत्रशाळेंत शिकले एवढ्याच कारणासाठीं पुनः पहिल्यापासून कां शिकावे? ज्या विषयास विषय जुळेल तेथें श्रेयांक द्यावा. जेथें थोडें कमी पडेल तेथें सुटींत एक पूरक वर्ग व एक परीक्षा ठेवावी.

तोंपर्यंत आमच्या विद्यार्थ्यांनीं काय करावें? तंत्रशाळेंत नांव घालण्यापूर्वीं, ज्या विद्यापीठाकडे कधींतरी जाण्याचा विचार मनांत येईल, त्याच्या पात्रतेचे नियम वाचून घ्यावे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील पुष्कळशीं महाविद्यालयें १९६२ सालीं स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठास जोडलेलीं आहेत. तेथें लेखी विचारावें व उत्तरही लेखी घ्यावें, कारण खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर तीन वर्षांचा बेत बांधणें बरें नव्हे. प्रत्येक सत्राची गुणपत्रिका आणि त्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवावा. गुणपत्रिका सर्वच ठेवतात, अभ्यासक्रम कोणी ठेवीत नाहीं, आणि विषयास विषय जुळतो कीं नाहीं हें ठरविण्याची वेळ येते तेव्हां तोच मागितला जातो. ज्यांस नोकरी सोडतां येत नाहीं त्यांनीं नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचाही विचार करावा. १९८९ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठास देवराष्ट्रें गांवीं जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचें नांव आहे, आणि बारावी न झालेल्यांसाठींही त्यानें पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमाची वाट ठेविली आहे.

मुलींच्या पालकांस आमची निराळी विनंति आहे. मुलाचें एक वर्ष वायां गेलें तर घरांत हळहळ होते. मुलीचें गेलें तर पुष्कळ घरीं तिचें शिक्षणच थांबतें, कारण स्थळें पाहावयास सुरुवात झालेली असते. पहिल्या वर्षांत पुनः बसण्याचा हा नियम दोघांस सारखाच लिहिलेला आहे, पण तो दोघांस सारखाच लागत नाहीं.

विद्यापीठाचा मोठा निर्णय होईल तेव्हां होवो. मिरजेच्या तंत्रनिकेतनाचे गणिताचे शिक्षक आणि विश्रामबागेंतील महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक यांनीं एका शनिवारीं दुपारीं दोन्ही अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून कोणता भाग जुळतो त्यावर खूण करावी, एवढें तर आजच करतां येईल. असें एक टिपण तयार झालें, तर विद्यापीठाच्या अभ्यासमंडळापुढें ठेवावयास तें विनंतिअर्जांच्या गठ्ठ्याहून अधिक उपयोगी पडेल.