जमीन नाही, पण छत आहे ना! मशीद-मदरशांच्या सौरऊर्जेचं गणित

सौरऊर्जा म्हटलं की वाळवंटात मैलोन्‌मैल पसरलेले पॅनेल डोळ्यांसमोर येतात. भिवंडी, मालेगाव, मुंब्र्याच्या दाट मोहल्ल्यांत एवढी जागा कुठून आणायची? पण पॅनेलला मोकळी जमीनच हवी असं नाही, ऊन हवं.

गुजरातने २०१२ मध्ये मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासनजवळ चक्क नर्मदेच्या शाखा कालव्यावर १ मेगावॅटचे पॅनेल बसवले. जमीन वाचली, शिवाय सावलीमुळे पाण्याचं बाष्पीभवनही घटलं. अशा वेगळ्या जागांचा खरा फायदा हाच: एका जागेत दोन कामं.

आपल्याकडे अशी जागा म्हणजे मशीद आणि मदरशाचं छत. मोरोक्कोने २०१४ मध्ये मशिदींसाठी ऊर्जाबचतीची मोहीमच सुरू केली. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीच्या छतावरही पॅनेल आहेत. आपल्या मशिदींचं वीजबिल बहुतेक वेळा जुम्म्याच्या चंद्यातून जातं. ते कमी झालं तर इमाम साहेबांचा पगार, मदरशातल्या मुलांची पुस्तकं यांना हातभार लागेल.

हिशेब सोपा आहे. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट छत लागतं आणि त्यातून महिन्याला सुमारे १२० युनिट वीज मिळते. अडचण वेळेची आहे. जोहर आणि असर उन्हात होतात. फजर, मगरिब, इशाला मात्र दिवे लागतात. म्हणून दिवसाची जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करणारं नेट मीटरिंग महत्त्वाचं. त्याचे नियम बदलत असतात, तेव्हा रात्रीच्या वापरातून किती वजावट मिळेल, हे वीज कंपनीकडून लेखी घ्या. छत किती वजन पेलेल हे इंजिनिअरकडून तपासा, वीजजोडणी संस्थेच्या नावावर आहे का ते पाहा आणि विश्वस्तांचा ठराव आधी करून ठेवा.

२०२४ ची पीएम सूर्यघर योजना घरांसाठी आहे. त्यात घरगुती ग्राहकाला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. हाउसिंग सोसायटीलाही लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. म्हणजे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही वाट आहे.

इस्लामने इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत केली आहे. आपल्या छतांवर रोज पडणारं ऊन वाया जातंय, त्याचाही विचार आपण करायला हवा. येत्या जुम्म्याला नमाजनंतर कमिटीपुढे हा विषय काढायला काय हरकत आहे?