पुलाखालचा ताळेबंद

गजबजलेल्या चौकावर उड्डाणपूल उभारला की वाहनांची कोंडी सैल होते. पुलाखालची जागा मात्र बहुधा बेकायदा पार्किंग आणि कचऱ्याच्या वाट्याला येते. मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळ रहिवाशांच्या चिकाटीमुळे हे चित्र पालटले. २०१६ मध्ये तेथे पुलाखाली नानालाल डी. मेहता उद्यान खुले झाले. नर्मदेच्या प्रवाहावरून आखलेली त्यातील पायवाट सुमारे ६०० मीटर लांबीची आहे. परंतु हा लाभ पूल झाल्यानंतर, पाठपुराव्याने मिळवावा लागला. चौकसुधारणेच्या मूळ अंदाजपत्रकातच पादचाऱ्यांची वाट, सावली आणि विसाव्याची जागा यांची तरतूद हवी. वाहनचालक चौक ओलांडून निघून जातो. रहिवाशाला तेथेच राहावयाचे असते. प्रकल्पाच्या ताळेबंदात वाचलेल्या मिनिटांबरोबर त्याचीही नोंद व्हावी.