डॉक्टरला प्राणायाम नको, झोप द्या!



सुरतेतील जुन्या मराठी कुटुंबांना सप्टेंबर १९९४ विसरता येणार नाही. प्लेगच्या बातमीने लाखो माणसे शहर सोडून निघाली. कित्येक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली. मजुरा गेटच्या सिव्हिल हॉस्पिटलमधले डॉक्टर आणि परिचारिका मात्र वॉर्डात उभे होते. ते ऋण आपण आजही मानतो. पण आज त्याच वॉर्डात उभा असलेला पंचविशीतला निवासी डॉक्टर शेवटचा कधी झोपला, हे कुणी विचारतो का?

दिवसभर ओपीडी, रात्री इमर्जन्सी आणि सकाळी पुन्हा राउंड! देशभरच्या सरकारी रुग्णालयांत सलग ३६ तासांची ड्युटी हा जणू शिरस्ताच झाला आहे. यातून माणूस आतून विझतो. अंगात त्राण उरत नाही, रुग्णाविषयी कोरडेपणा येतो, आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागते. यालाच बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता कामाच्या जागी साचलेल्या ताणाचा परिणाम म्हटले. मग उपायही कामाच्या जागीच हवा! पण ठिकठिकाणी होते काय? योगशिबिर, ताणमुक्तीचे व्याख्यान आणि फोटो! योगाला आमचा विरोध नाही. पण रात्रभर जागलेल्याला पहाटे आसने शिकवणे ही थट्टा आहे.

सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे संशोधन सांगते. आपल्या देशात ०.०३ टक्क्यांच्या वर गेलेला वाहनचालक गुन्हेगार ठरतो. दारूबंदीच्या गुजरातेत आपण अशा अवस्थेतल्या हातात सुई आणि सुरी देतो!

नियम नाहीत असे नाही. सलग १२ तासांहून अधिक ड्युटी नको, असे केंद्र सरकारने १९९२ मध्येच सांगितले. २०२३ च्या नियमावलीत ‘वाजवी’ तास आणि साप्ताहिक सुटी आली. वाजवी म्हणजे किती, ते लिहायचे राहिले! २०२४ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला कमाल ७४ तास सुचवले. अंमलबजावणी कोण करणार?

१९९५ नंतर आयुक्त एस. आर. राव यांनी सुरत स्वच्छ केली ती भाषणांनी नव्हे. अधिकारी रोज रस्त्यावर उतरवले, प्रत्येकाची जबाबदारी ठरवली. तीच रीत इथे हवी. स्मीमेर हॉस्पिटल महापालिकेचे आहे, म्हणजे आपल्या मतांवर निवडून आलेल्या नगरसेवकांचे! सिव्हिल राज्य सरकारचे आहे; तिथला जाब आमदारांना विचारा. आमच्या मागण्या साध्या आहेत. ड्युटीचे तास दर महिन्याला जाहीर करा. रात्रपाळीनंतर सक्तीची सुटी द्या. रिकाम्या जागा भरा. नमुने पोचवणे, कागद रंगवणे यांसाठी वेगळी माणसे नेमा. समुपदेशक कॉलेजच्या दाबाबाहेरचा असू द्या.

आणि थोडे आपल्या घरातही पाहू. मुलगा-मुलगी डॉक्टर झाली की आपण पेढे वाटतो. तीच मुले थकून रजा मागतात तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ म्हणून गप्प बसवतो. खचलेल्या डॉक्टरला सावरायला पुरेशी रजा, झोप, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ आणि मग हळूहळू वाढवलेले काम लागते. एक सत्र मागे पडले तरी चालेल. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक घरात लिहून ठेवा. वॉर्डात एका रुग्णामागे दहाजणांनी घुसणे आणि डॉक्टरवर हात उगारणे, हेही आता बंद झाले पाहिजे.

मते मागायला उमेदवार आपल्या लिंबायत-उधन्यात येतीलच. गणपती मंडळाच्या वर्गणीआधी त्यांना एकच प्रश्न विचारा : स्मीमेरमधला डॉक्टर आठवड्याला किती तास काम करतो? उत्तर देता आले नाही, तर मतही देऊ नका!