गाडी किती वाजता निघाली?

112 वर फोन लावला की महाराष्ट्रात आता पोलिसांच्या गाडीत नुसता वायरलेस खरखरत नाही. गाडीतल्या एमडीटीच्या, म्हणजे मोबाईल डेटा टर्मिनलच्या, स्क्रीनवर तक्रार आणि ठिकाण उमटते. कॉल स्वीकारला, गाडी पोहोचली, काय कारवाई केली, हे सारे त्याच यंत्रावर भरायचे असते. जीपीएसमुळे गाडी कुठे आहे, तेही नियंत्रण कक्षाला दिसते.

आपल्यासाठी या यंत्राचा अर्थ थोडा वेगळा आहे. 1992-93 च्या मुंबई दंगलींत मदत मागणाऱ्या मुसलमानांना पोलिसांकडून बेपर्वाईची उत्तरे मिळाल्याचे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. 1998 मध्ये तो अहवाल विधिमंडळात मांडला गेला. अशा वेळी 'आम्ही फोन केला होता' एवढेच सांगणे माणसाच्या हाती उरते. एमडीटीत मात्र मिनिटामिनिटाची नोंद राहते. म्हणूनच '112 लावून काय उपयोग?' म्हणणाऱ्या मित्रांना आमचा आग्रह आहे की फोन लावाच. न लावलेला कॉल कुठल्याच हिशेबात येत नाही.

अडचण अशी की ही नोंद पोलिसांच्याच सर्व्हरवर राहते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार सरकारी कार्यालयांनी मागणीची वाट न पाहता माहिती जाहीर करायची असते. तक्रारदारांची नावे वगळून पोलीस ठाणेनिहाय प्रतिसादाची वेळ दरमहा प्रसिद्ध करायला काय हरकत आहे? (गाडीतून उतरल्यावर 'तुमच्या मोहल्ल्यात रोजचंच आहे' म्हणणारी जीभ कुठलेच यंत्र मोजत नाही, हे खरेच.)

दुसरी काळजी शोधाची. गाडीतली स्क्रीन उद्या आणखी नोंदींना जोडली गेली, तर नाकाबंदीत नाव ऐकून कुणाचीही माहिती उघडता येईल. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केंद्राला सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा देतो. त्यामुळे कोणत्या कर्मचाऱ्याने कुणाचे नाव कधी आणि कशासाठी शोधले, याचीही नोंद आणि तपासणी आताच मागायला हवी.

सुरुवात 10 रुपयांच्या अर्जाने होऊ शकते. आपल्या ठाण्याच्या हद्दीत गेल्या 3 महिन्यांत 112 वर किती कॉल आले, गाडी सरासरी किती मिनिटांत पोहोचली, किती गाड्यांतले एमडीटी बंद होते, एवढे विचारा. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. आलेले उत्तर आम्हाला पाठवा.