वळणावर थरथरणारी गाडी

माहीमच्या लेडी जमशेदजी मार्गावरून एखाद्या अरुंद गल्लीत वळताना पुढच्या चाकापाशी ‘टक-टक’ आवाज येतो, गाडी थरथरते आणि रस्ता सरळ होताच सारे शांत होते. शांत झाले म्हणून दुखणे विसरले जाते. पुढे हीच गाडी घरातील वृद्धांना व मुलांना घेऊन घाट उतरते.

एकेकाळी पेढीच्या दारात दिसणारी, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या विशिष्ट दुखण्यापासून मुक्त होती. तिच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळे. पुढची चाके केवळ दिशा देत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ओढणे व वळणे हा दुहेरी भार पुढच्याच चाकांवर पडला. वळलेल्या चाकालाही एकसारखी गती पोचवणारा सांधा म्हणजे सीव्ही जॉइंट. त्यात पोलादी गोळ्या व ग्रीस असते, वर रबरी बूट असतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, पावसाळ्यातील चिखलपाणी आत शिरते आणि गोळ्यांच्या खाचा झिजू लागतात.

परीक्षा सोपी आहे. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी सावकाश गोल फिरवावी. टकटक वाढली, तर बहुधा वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूचा सांधा गेलेला असतो. चाकाच्या आतल्या अंगाला उडालेले काळे ग्रीस ही दुसरी खूण. टकटकीऐवजी घुमल्यासारखा आवाज येऊन तो वळणावर कमी-जास्त होत असेल, तर बेअरिंग पाहावे. सरळ रस्त्यावर, केवळ वेगातच थरथर असेल, तर बहुधा चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले असते. ब्रेक दाबतानाच असेल, तर डिस्क तपासावी. अनेक जण आधी अलाइनमेंट करून घेतात. त्याने टकटक थांबत नाही, खर्च मात्र होतो.

बूट नुकताच फाटला असून आवाज नसेल, तर सांधा उघडून स्वच्छ करून नवे ग्रीस व नवा बूट बसवल्यास काम भागते. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलणे व्यर्थ. सांधाच बदलावा लागतो. गाडी वर घेतलेली असतानाच मेकॅनिककडून खालचा बॉल जॉइंटही हलवून पाहून घ्यावा. तो निखळला, तर चालत्या गाडीचे चाक आडवे होते आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी हाती राहत नाही.